स्पूल पोलादाचा, बॉडी ॲल्युमिनियमची: मटेरियल कसं ठरवायचं?

मच्छे_सीएनसी
नमस्कार मंडळी. बेळगावजवळ मच्छेला आमचं छोटं शॉप आहे, दोन टर्निंग सेंटर आणि एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन), काम बहुतेक हायड्रॉलिकचंच. पुण्याच्या एका पार्टीची नवीन एन्क्वायरी आलीय, डायरेक्शनल व्हॉल्व्हची. स्पूल, म्हणजे आत सरकून तेलाची वाट बदलणारा दांडा, २० मिमी, त्याच्या बोअरमध्ये (भोकात) क्लिअरन्स, म्हणजे फट, व्यासावर ८ मायक्रॉन, प्रेशर १८० बार, तेल ६५ डिग्रीपर्यंत तापणार. आतापर्यंत ही बॉडी ते बीडात (ओतीव लोखंडात) करून घेत होते, पण आता व्हॉल्व्ह चालत्या मशीनवर बसणार म्हणून त्यांना वजन कमी पाहिजे. म्हणून बॉडी ॲल्युमिनियम ६०६१ मध्ये करा आणि स्पूल ईएन-८ मध्ये (मध्यम कार्बनचं साधं पोलाद) इंडक्शन हार्डन, म्हणजे कॉइलने वरचा थर तापवून कडक, करून द्या असं फोनवर सांगितलंय, ड्रॉईंगवर मात्र मटेरियलच्या रकान्यात नुसतं 'सुटेबल' लिहून सोडलंय.

रेट आठवड्याभरात द्यायचाय. कटिंगच्या दृष्टीने मला दोन्ही सोपं वाटतंय, ६०६१ लोण्यासारखं कापतं आणि ईएन-८ तर रोजचंच. पण हे दोन धातू एकमेकांत बसून चालतील का, ते आधी ठरवायचंय. इथे हायड्रॉलिक, फाउंड्री, ग्राइंडिंगवाले बरेच आहेत म्हणून धागा काढला. मोकळेपणाने सांगा.

होनगा_ग्राइंडर
भावा, रेट देऊ नकोस अजून. आधी आकडेमोड कर.

पोलाद एका डिग्रीला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं आणि ॲल्युमिनियम साडेतेवीस, म्हणजे दुप्पट. तुझा बोअर २० मिमीचा, फिटिंग केलं २५ डिग्रीला आणि तेल गेलं ६५ वर, तर फरक ४० डिग्रीचा. बोअर वाढणार जवळपास १९ मायक्रॉन आणि स्पूल वाढणार ९. म्हणजे ८ मायक्रॉनच्या क्लिअरन्समध्ये आणखी साडेनऊची भर पडली, झाला साडेसतरा. दुपटीच्या वर गेला.

आता लीकेजचं ऐक. असल्या बारीक गोल फटीतून तेल जातं ते क्लिअरन्सच्या घनाच्या हिशोबाने, क्लिअरन्स दुप्पट झाला की लीकेज आठपट. त्यात गरम तेल पातळ झालेलं, ते वेगळंच. थंड असताना टेस्ट बेंचवर व्हॉल्व्ह पास होणार आणि साइटवर दुपारी सिलेंडर आपोआप खाली यायला लागणार, मग फोन तुलाच येणार.

बीडाची बॉडी असली की बीड आणि पोलाद जवळपास सारखंच वाढतं, त्यामुळे गरम झालं तरी क्लिअरन्स जागच्या जागी राहतो. कुठला धातू जास्त मजबूत हे नंतर बघायचं. जो भाग ज्याच्यात बसतो तो कशाचा आहे ते आधी बघायचं.

खानापूरचा_पोरगा
मस्त धागा. मी डिप्लोमा करतोय, अप्रेंटिसशिपला उद्यमबागेत आहे. एक प्रश्न, मग क्लिअरन्स थंड असतानाच कमी ठेवला तर? म्हणजे ८ च्या ऐवजी २-३ ठेवायचा, गरम झाला की आपोआप बरोबर होईल.

होनगा_ग्राइंडर
पोरा, डिसेंबरात सकाळी आपल्याकडे शेडमध्ये पंधरा डिग्री असतंय. तेव्हा ॲल्युमिनियमची बॉडी आणखी आवळणार, दोन मायक्रॉनच्या क्लिअरन्सपैकी काहीच उरणार नाही आणि स्पूल जागेवर जाम. मशीन सकाळी चालूच होणार नाही. आणि तेलातला कचरा? साधं फिल्टर असलं तर १० मायक्रॉनचे कण फिरत असतात. दोन्ही टोकं सांभाळायची म्हणजे धातूच जोडीचे घ्यावे लागतात.

शहापूरचे_काका
मच्छेवाल्या, स्पूल ईएन-८ मध्ये करू नको बाबा. आमच्या वेळेपासून बघतोय, काही ठरलं नसलं की ईएन-८. रॅकवर पडलाय म्हणून ईएन-८, दुकानात लगेच मिळतोय म्हणून ईएन-८. धातू वाईट न्हाई. शाफ्ट, पिन, ब्रॅकेट, साधा बोल्ट यांना लई चांगला. पण स्पूलच्या लँडच्या, म्हणजे बोअरला लागून सरकणाऱ्या जाड भागांच्या, कडा बघ, त्या कोऱ्या धारदार राहिल्या पाहिजेत, तिथूनच तेल मोजून सुटतंय. इंडक्शनची कॉइल त्या बारीक कडांवर गेली की कड जादा तापतीय, आणि पाण्यात टाकली की तिथं केसाएवढी तडा. डोळ्याला दिसत नाही, ग्राइंडिंगनंतर कपच्या उडाल्या की कळतंय.

स्पूलला २० एमएनसीआर ५ किंवा ईएन-३५३ घे. आतला कार्बन कमी, ०.२० च्या आसपास, म्हणून गाभा चिवट राहतो, आणि कार्बुरायझिंग करून, म्हणजे भट्टीत वरच्या थरात कार्बन मुरवून, वरची कातडी ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचं माप) होते. ग्राइंडिंगला व्यासावर ०.३ ते ०.४ मिमी सोड, कारण भट्टीतून येताना थोडा वाकून येणारच. आणि हीट ट्रीटमेंटवाल्याला सांगून ठेव, ग्राइंडिंगनंतर केस, म्हणजे त्या कडक कातडीची जाडी, ०.५ ते ०.८ मिमी राहिली पाहिजे. अरुंद लँड असलं तर केस त्याहून जादा खोल मागू नको, दोन्ही बाजूंनी केस एकमेकांना भेटली की ती कड पूर्णच कडक होतीय आणि ठिसूळ होतीय.

मच्छे_सीएनसी
काका, हे कामाचं सांगितलंत. पण पार्टी म्हणते ईएन-८ चा ब्राइट बार घेतला की बाहेरचं टर्निंग वाचतं, म्हणून रेट कमी बसतो.

शहापूरचे_काका
ब्राइट बार म्हणजे थंड ओढलेला बार. ओढताना वरच्या थरात ताण अडकून राहतोय. सगळीकडून सारखं मटेरियल काढलंस तर चालतंय, पण एका बाजूने की-वे किंवा फ्लॅट मारलास की ताण एका अंगाचा मोकळा होतो आणि बार केळीसारखा वाकतो. मशीन सरळ असतंय, ऑपरेटर बरोबर असतोय, आणि तरी व्हाइसमधून सोडला की रनआउट दिसतंय. शॉपमध्ये मग भांडणं. लांब बारीक जॉब, एका बाजूने कट आणि टॉलरन्स घट्ट, असं तिन्ही एकत्र आलं तर ब्राइट बार नको. काळा बार नॉर्मलाइज केलेला घ्यायचा, किंवा रफ करून स्ट्रेस रिलीव्ह (तापवून आतला ताण काढणं) करून मग फिनिश. चार पैसे तिकडे जातात ते रिजेक्शनमधून वाचतात.

खानापूरचा_पोरगा
काका, मग ईएन-२४ का नको? तो तर सगळ्यात मजबूत. स्पूल वाकणार पण नाही.

हत्तरगी_एरो
हे मी सांगतो, कारण हा प्रश्न आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक मुलगा विचारतो. मी हत्तरगीच्या एअरोस्पेस सेझमध्ये प्रोग्रामिंगला आहे.

मजबुती आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईएन-२४ मध्ये निकेल साधारण दीड टक्का, क्रोम, मॉलिब्डेनम, त्यामुळे तो जास्त लोडला कायमचा वाकत नाही, तुटत नाही, जाड सेक्शनमध्ये आतपर्यंत हार्ड होतो. हे सगळं खरं. पण चालू लोडखाली किती लवचतो ते ठरतं यंग्स मॉड्युलसवर, आणि तो ईएन-८ असो, ईएन-१९ असो की ईएन-२४, सगळ्यांचा २०५ जीपीएच्या जवळपासच. हार्डनिंग करूनही तो बदलत नाही. म्हणजे बारीक शाफ्ट लवचत असेल तर महाग पोलाद घेऊन काही उपयोग नाही, व्यास वाढवावा लागतो किंवा सपोर्ट जवळ आणावा लागतो. व्यास थोडा वाढवला तरी फरक मोठा पडतो कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो.

ॲल्युमिनियमचंही तेच. ६०६१-टी६ ची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो) २७५ एमपीएच्या आसपास आणि ७०७५-टी६ ची ५०० च्या आसपास, पण दोघांचा मॉड्युलस ७० च्याच घरात. पातळ भिंतीचा पॉकेट ७०७५ मध्ये केला म्हणून टूलखाली कमी थरथरत नाही. लोक इथे उगीच पैसे घालतात.

आता मच्छेवाल्यांच्या मूळ प्रश्नाला. ॲल्युमिनियम बॉडी करायचीच तर स्पूलही ॲल्युमिनियमचा करून हार्ड ॲनोडाइज करतात, म्हणजे वर कडक ऑक्साइडचा थर चढवतात. गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीत हे सर्रास असतं, दोन्ही सारखेच वाढतात म्हणून क्लिअरन्स टिकतो. पण तिथे प्रेशर फार कमी असतं. तुमच्या १८० बारला मी हे सुचवणार नाही. आणि ॲनोडायझिंगचा हिशोब टॉलरन्समध्ये धरा, ५० मायक्रॉनच्या कोटिंगपैकी निम्मं आत जातं आणि निम्मं वर चढतं, म्हणजे स्पूलचा व्यास ५० मायक्रॉन वाढतो आणि बोअर तेवढाच लहान होतो. आठ मायक्रॉनच्या खेळात हे विसरून चालत नाही.

ओतकाम_उद्यमबाग
मी फाउंड्रीत मेथडिंग (ओतायची पद्धत ठरवणं) बघते. बीडाबद्दल थोडं लिहायचंच होतं कारण आजकाल बीड म्हणजे जुनाट असा समज व्हायलाय, आणि मला ते पटत नाही.

साध्या ग्रे बीडात, म्हणजे एफजी-२६० वगैरे, ग्रॅफाइट पापुद्र्यासारखं पसरलेलं असतं. म्हणून ते कापताना चिप आपोआप तुटते, कंपनं शोषून घेतं, आणि घासणाऱ्या पृष्ठभागावर ग्रॅफाइटच वंगणाचं काम करतं. स्पूल आत-बाहेर सरकणाऱ्या बोअरला याच्याहून स्वस्त आणि चांगलं काय मिळणार? पण त्याच पापुद्र्यांच्या टोकाला तडा सुरू होतो, म्हणून जास्त प्रेशरला आणि झटक्याला ते कमी पडतं. तिथे एसजी घ्यायचं. एसजी-५००/७ म्हणजे ५०० एमपीए ताण आणि ७ टक्के लांबायची ताकद, ग्रॅफाइट गोळीसारखं गोल झालेलं असतं म्हणून चिवट. ब्लॉक आणि मॅनिफोल्डमध्ये साधारण धरतात ते असं की ॲल्युमिनियम २१० बारपर्यंत आणि एसजी ३५० पर्यंत. म्हणजे १८० बारला ॲल्युमिनियम फुटणार नाही, पण प्रेशरचे झटके येत राहिले तर थकव्याचा विचार करावाच लागतो.

वजनाचं म्हणाल तर, जुनी बॉडी ग्रे बीडात जाड भिंतीची केलेली असणार. ती एसजीत घेऊन भिंत कमी केली, न लागणाऱ्या जागी खिसे काढले, पोर्ट (तेलाच्या वाटा) कोअरने ओतूनच आणले तर वजन बरंच उतरतं. ॲल्युमिनियमएवढं नाही उतरणार, घनता ७.१ ला २.७, ते गणित बदलत नाही. पार्टीला आधी विचारा नेमकं किती किलो कमी पाहिजे.

आणि एक. कास्टिंग भट्टीतून आलं की लगेच फिनिश बोअर मारू नका. रफ मशीनिंग करून स्ट्रेस रिलीव्ह करा, नाहीतर होनिंग केलेला, म्हणजे दगडाने घासून नेमका केलेला, बोअर आठवड्याने लंबगोल सापडतो आणि दोष होनिंगवाल्याच्या माथी येतो.

निपाणीकर_मेंटेनन्स
वाचतोय, लई छान माहिती. थोडं अवांतर विचारतो. मी चिकोडी भागातल्या साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. रसाच्या पंपाच्या शाफ्ट स्लीव्ह, म्हणजे शाफ्टवरच्या नळ्या, आम्ही ३०४ स्टेनलेसमध्ये करून घेतो, पण ग्लँड पॅकिंगखाली लवकर झिजतात, आणि नट तर काढताना धरूनच बसतात. दुसरं काय घ्यावं?

शहापूरचे_काका
३०४ गंजत नाही पण मऊ आहे, हार्डनिंग करून कडक होत नाही. पॅकिंगखाली ४१० हार्डन करून किंवा ४२० वापरून बघा, गंजाला थोडं कमी पण झिजेला बरंच पुढे. आणि स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्याच नटात कोरडा आवळला की आटे एकमेकांना चिकटणारच. नट वेगळ्या ग्रेडचा घ्या आणि अँटीसीझ लावल्याशिवाय आवळू नका.

होनगा_ग्राइंडर
३०४ कापायचा अनुभव इथे नवीन पोरांसाठी लिहितो. ते कापताना वरचा थर कडक होत जातो. टूल नुसतं घासत ठेवलं, फीड कमी केला, की पुढचा कट त्या कडक कातडीवर बसतो आणि इन्सर्ट जातो. फीड चांगला ठेवायचा, टूल धारदार, कट कडक थराच्या खाली गेला पाहिजे, कूलंट भरपूर. उष्णता चिपमधून निघत नाही कारण उष्णता वाहायची ताकद साध्या पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच. बारीक फिटिंग, भरपूर ड्रिलिंग-टॅपिंग असलं आणि वेल्डिंग नसलं तर ३०३ घ्या, त्यात गंधक असतं म्हणून चिप तुटते. पण गंजाला ३०३ कमी, मीठ-पाण्यात अजिबात नको.

गेजवाली_ताई
मी इन्स्पेक्शनला आहे, स्टँडर्ड रूममध्ये. सगळेजण वाढण्याबद्दल बोलताय पण मोजण्याबद्दल कोणी बोललं नाही.

मापाचं प्रमाण तापमान २० डिग्री, सगळ्या जगात. एप्रिलात आपली शेड ३६ ला जाते. १०० मिमीचा ॲल्युमिनियमचा जॉब तिथे साधारण ३७ मायक्रॉन मोठा दिसतो. तुम्ही म्हणाल मास्टरही (ज्याच्याशी जुळवून मोजतो तो नमुना) तिथेच ठेवलाय, तोही वाढला. बरोबर, पण मास्टर पोलादाचा, तो वाढला १८ मायक्रॉन. राहिला फरक १९ मायक्रॉनचा. जॉब पोलादाचा असता तर हा फरक जवळपास शून्य झाला असता. म्हणून धातू निवडताना हेही मोजा की तुमच्याकडे एसी रूम आहे का, जॉब मोजायच्या आधी तीन-चार तास तिथे ठेवायची सवय आहे का. नसेल तर ॲल्युमिनियमवर दहा मायक्रॉनच्या आतलं टॉलरन्स घेऊच नका. मशीन काढून देईल हो, पण काढलं की नाही ते कळणार कसं?

तुमच्या २० मिमीच्या बोअरवर हाच फरक चारेक मायक्रॉन येतो. ८ मायक्रॉनच्या क्लिअरन्समध्ये चार म्हणजे निम्मा. आणि कूलंटमधून नुकताच काढलेला, हातात धरलेला जॉब मोजून ओके लिहू नका, कळकळीने सांगते.

मच्छे_सीएनसी
ताई, एअर गेज आहे आमच्याकडे, पण रूम नाही. मोजायचं उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या शॉपकडे करतो.

पार्टीशी आज बोललो. होनगावाल्यांचा हिशोब कागदावर मांडून पाठवला. त्यांच्या डिझाइनवाल्याने मान्य केलं, गरम तेलाचा विचार केलाच नव्हता म्हणाला. वजन त्यांना निम्म्यावर आणायचंय, म्हणजे पातळ एसजीने भागणार नाही. आता ॲल्युमिनियमच्या बॉडीत पोलादाची स्लीव्ह बसवायची आणि स्पूल स्लीव्हमध्ये चालवायचा असं ते म्हणतात. कसं वाटतं?

हत्तरगी_एरो
हा बरोबर रस्ता आहे. स्पूल आणि स्लीव्ह दोन्ही पोलादाचे, एकाच भट्टीतून हार्डन करून, जोडी लावून होनिंग केलं की आतला क्लिअरन्स तापमानाने हलत नाही. फक्त स्लीव्ह बॉडीत घट्ट दाबून बसवू नका. गरम झाली की ॲल्युमिनियम सैल होणार आणि थंडीत आवळणार, आवळली की स्लीव्हचा बोअर दाबला जाणार. थोडी सैलच ठेवा, प्रत्येक पोर्टच्या दोन्ही बाजूला ओ-रिंग. स्लीव्हची भिंत पुरेशी जाड घ्या, बाहेरून १८० बारचं तेल दाबत असतं, पातळ भिंत तेवढ्यानेही काही मायक्रॉन आत येते.

बॉडीला ६०६१ किंवा ६०८२, प्लेट टी-६५१ मध्येच मागा. त्यात कारखान्यातच प्लेट ओढून ताण काढलेला असतो, पॉकेट मारल्यावर वाकत नाही. नुसतं टी-६ घेतलं तर फरक तुम्हाला पहिल्याच लॉटला दिसेल.

होनगा_ग्राइंडर
सहमत. आणि मटेरियल टीसीशिवाय (टेस्ट सर्टिफिकेटशिवाय) घेऊ नकोस. आमच्या ओळखीत एकाला २० एमएनसीआर ५ म्हणून बार मिळाला होता. टोकाला रंग बरोबर, वर चिकटवलेली चिठ्ठी बरोबर. कार्बुरायझिंग करून आला तर कुठे ६० एचआरसी, कुठे ४५. स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे याची तपासणी) केलं तेव्हा कळलं दोन वेगळ्या हीटचा (भट्टीच्या ओतणीचा) माल एकाच बंडलात, एकात क्रोम जवळपास नाहीच. डोळ्यांनी बार बघून काहीच कळत नाही रे, ईएन-१९ आणि ईएन-२४ शेजारी ठेव, तुला ओळखता येणार नाही. टीसीवरचा हीट नंबर बारवर पंच केलेल्या नंबराशी जुळवायचा, आणि प्रत्येक हीटचा एक तुकडा लॅबला. स्पेक्ट्रोचा खर्च एका रिजेक्ट स्लीव्हएवढाही नाही.

ओतकाम_उद्यमबाग
आणि बार कापला की पंच केलेलं टोक आधी संपतं. कापायच्या आधी उरलेल्या तुकड्यावर नंबर परत मारायला सांगा पोरांना.

शहापूरचे_काका
'सुटेबल' तेवढं खोडून घे त्या ड्रॉईंगवरून. रकान्यात पूर्ण लिहून मागव: २० एमएनसीआर ५, कार्बुराइज आणि हार्डन, ग्राइंडिंगनंतर केस ०.५ ते ०.८, कातडी ५८ ते ६२ एचआरसी, होनिंग फिनिश किती, मोजायचं २० डिग्रीला. बॉडीला ६०८२-टी६५१. सही करून नवीन रिव्हिजन येईपर्यंत बार कापायला घेऊ नको. उद्या माल परत आला तर कागद बोलला पाहिजे.

मच्छे_सीएनसी
काका, तसंच करतो. रिव्हिजन मागवलीय. स्लीव्हचं होनिंग बाहेर द्यावं लागणार, २० मिमी बोअर, ९० लांब, गोलाई २ मायक्रॉनच्या आत. मच्छे, नावगे किंवा उद्यमबागेत कोणी जोडी लावून करून देत असेल तर व्यनि करा. सुरुवातीला दहा जोड्यांचंच सॅम्पल आहे.

होनगा_ग्राइंडर
व्यनि केलाय बघ. स्पूल ग्राइंडिंगला शेवटी घे, आधी स्लीव्ह होन करून मोज आणि त्या मापाला स्पूल मार. उलटं केलंस तर जोडी जुळवताना घाम निघेल.